थोरलीची सही

दुपारी दीडच्या सुमाराला धाकटी जिना उतरून खाली आली, तेव्हा तिच्या नखांत अजून गुलाबी मेण होतं. ती कवळ्या बनवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत ती आणि आणखी दोघं जण दिवसभर परक्या माणसांचे दात लावत बसत. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, साच्याची उघडझाप करून बघायची, दात आपटतोय असं वाटलं की काढून पुन्हा बसवायचा. एकोणीस वर्षं हेच. खोलीत सारखा घासलेल्या प्लास्टिकचा वास असे, म्हणून डबा खायला ती रोज खाली येऊन गाडीत बसे. काचा अर्ध्या खाली, डबा मांडीवर, वीस मिनिटं कोणाशी बोलायचं नाही.

त्या दिवशी ती डबा हातात घेऊन गाडीपाशी पोचली आणि तशीच उभी राहिली. ड्रायव्हरच्या मागचं दार आत गेलं होतं. त्याच्यामागचा पत्रा कागदासारखा चुरगळला होता. मागचा दिवा फुटून त्याच्या लाल काचा रस्त्यावर सांडल्या होत्या. काचेवर चिठ्ठी नाही, आसपास कोणी नाही.

तिने दार ओढून पाहिलं. उघडेना.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक दारात येऊन उभा राहिला. गेली कित्येक वर्षं तो तिला रोज डबा खाताना बघत होता, त्यामुळे ओळख होती, नाव मात्र दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं.

"मी बघितलं," तो म्हणाला. "म्हणजे आधी आवाज ऐकला, मग बघितलं. पण डोळ्यावर जवळचा चष्मा होता. नंबर काही दिसला नाही."

"चष्म्याच्या दुकानात बसून?"

"सुताराच्या घरची खुर्ची मोडकीच असते, बाई." तो जरा ओशाळला. "पण पांढरी व्हॅन होती आणि टपावर शिडी बांधलेली. समोरच्या इमारतीत लिफ्ट बघायला येतो ना महिन्यातून एकदा, तोच. रिव्हर्स घेतली, धाडकन आदळला, खाली उतरला, बघितलं आणि गेला की निघून. मी हाक मारली, पण आवाज आतल्या आतच राहिला."

धाकटी समोरच्या इमारतीत गेली. लिफ्टमध्ये बटणांच्या वर एक चिकटपट्टी होती: बिघाड झाल्यास या क्रमांकावर कळवा. तिने तिथेच, लिफ्टच्या आत उभं राहून फोन लावला.

"कुठल्या मजल्यावर अडकलाय?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"कुठेच नाही. तुम्ही माझी गाडी ठोकलीत."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी संध्याकाळी येतो."

तो आला. पन्नाशीचा, रुंद बांध्याचा माणूस. खिशात पाने आणि पेचकस, आणि चेहरा असा, की मार खायला तयारच आहे पण आधी एकदा नाही म्हणून बघू.

"तुमची गाडी जरा बाहेर होती, ताई."

"चाक फुटपाथला चिकटलेलं आहे. बघा."

त्याने वाकून पाहिलं. व्हॅनच्या मागच्या बंपरवर गाडीचा निळा रंग लागला होता, तो त्याने अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला आणि मग तो सोडून दिला.

"एका हातात सँडविच होतं," तो म्हणाला. "तीन इमारती राहिल्या होत्या, जेवायला वेळ नव्हता. खरं ते सांगितलं. उतरून बघितलं, दार पार आत गेलेलं. पळालो. रात्रभर झोप लागली नसती, पण तुमचा फोन आधीच आला."

तिला राग यायला हवा होता. दुपारपासून तिने दातओठ खाऊन चार वाक्यं तयार ठेवली होती. पण माणूस इतक्या लवकर नमला की ती वाक्यं तशीच राहून गेली.

"माझ्या मेहुण्याचं गॅरेज आहे," लिफ्टवाला म्हणाला. "आठ दिवसांत दार, पत्रा, दिवा, रंग, सगळं करून देतो. कळणारसुद्धा नाही काही झालं होतं म्हणून. फक्त आमच्या ऑफिसात कळवू नका. विम्यातून केलं की तुमचे कागद, आमचे कागद, साहेबांसमोर हजेरी. गेल्या वर्षी एक खांब ठोकलाय मी. बरं, गाडी तुमच्याच नावावर आहे ना?"

"नाही. माझ्या ताईच्या."

"मग तर झालंच. विम्याच्या कागदावर मालकाची सही लागते. त्यांना कशाला त्रास?"

धाकटी गाडीच्या मागे गेली. फुटक्या दिव्यातली तार लोंबत होती, तिच्याकडे बघत राहिली.

पाच वर्षांत तिने ताईचा आवाज ऐकला नव्हता.

ही गाडी थोरलीने तिच्या पहिल्या मोठ्या कामानंतर घेतली होती. थोरली जमिनी मोजायची. तिपाईवर दुर्बीण लावून, कुठल्या ना कुठल्या माळावर उन्हात उभी. अंगाने उंच, चालताना लांब ढांगा टाकणारी, बोलायला कमी. धाकटीला गाडी चालवायला तिनेच शिकवलं होतं, एका रिकाम्या मैदानात, चुना टाकून आखलेल्या रेघांमधून. "रेघ बघू नकोस, चिमे. रेघेच्या पुढे बघ," असं ती म्हणायची. आई आजारी पडली तेव्हा थोरलीची नोकरी तीन तासांवरच्या शहरात होती. ती दर शुक्रवारी संध्याकाळी यायची, रविवारी रात्री जायची. बाकीचे दिवस धाकटीचे.

आणि मग तो शुक्रवार. सकाळी आईचा श्वास वेगळा झाला. धाकटीने फोन केला, "आत्ताच्या आत्ता निघ." थोरली म्हणाली, "एवढी मोजणी संपवते, संध्याकाळपर्यंत पोचतेच." आई चार वाजता गेली. थोरली सात वाजता दारात उभी राहिली, बुटांना माती, गळ्यात अजून ओळखपत्र. घरात मामा होते, मामी होत्या, शेजारची माणसं होती. धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. मोठी आली का, मोठी आली का, एवढंच. मी काय सांगणार होते तिला?"

हे खरं नव्हतं. आई शेवटचे दोन दिवस एक अक्षर बोलली नव्हती.

आपण असं का बोललो, हे धाकटीला तेव्हाही कळलं नाही. सात महिने एकटीने केलेल्या जागरणांचं काहीतरी उट्टं काढायचं होतं, आणि जिभेवर हेच आलं. थोरलीने त्यावर उत्तर दिलं नाही. आठवडाभर राहिली, आईचं कपाट आवरलं, औषधं परत केली, आणि एका सकाळी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवून बसने निघून गेली. धाकटी उठली तेव्हा किल्ली होती, ताई नव्हती.

पहिले काही महिने धाकटी वाट बघत राहिली की ती फोन करेल. मग वाटायला लागलं, आपण करावा. पण फोन करायचा तर खरं सांगावं लागणार, आणि ते कोणत्या तोंडाने सांगणार? वर्ष गेलं, दुसरं गेलं. मधे मामांकडून कळलं की थोरलीने घर बदललं. गाडीचे कागद मात्र धाकटीने आपल्या नावावर केले नाहीत. दर वर्षी विम्याचं पाकीट यायचं, त्यावर थोरलीचं पूर्ण नाव छापलेलं असायचं. ती ते पाकीट चार-पाच दिवस टेबलावर तसंच राहू द्यायची. पोस्टमनला वाटायचं, या घरात दोघी राहतात. तिने त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

"ताई?" लिफ्टवाला म्हणाला. "मग मेहुण्याला सांगू ना?"

"नको," ती म्हणाली. "विम्यातूनच करू. सही घेऊ."

"अहो, पण कशाला द्राविडी प्राणायाम? सरळ रस्ता आहे की."

"मला सही हवीय."

"तुम्हाला मला धडा शिकवायचाय."

"नाही हो. तुमच्या साहेबांना मी सांगेन की तुम्ही स्वतःहून आलात. पण मला ती सही हवीय. ताईची." तिचा आवाज जरा हलला, आणि तो हललेला तिला स्वतःलाच ऐकू आला.

लिफ्टवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. रोज माणसांच्या घराघरांतून वरखाली करणारा माणूस. त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने व्हॅनमधून लाल चिकटपट्टी आणि एक छोटा बल्ब आणला, गुडघ्यावर बसून फुटक्या दिव्यात बल्ब बसवला आणि वरून पट्टी लावली.

"रात्री चालवलीत तर पोलीस धरायला नको," तो म्हणाला. "करा कागद. माझं काय, खांबानंतर गाडी, आता पुढे काय ठोकतो ते बघू."

विम्याच्या ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म दिला. कुठे कुठे सही लागेल तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या. "मालक जवळपास आहेत ना?" त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "आहेत. तीन तासांवर."

फोन करायला तिला त्यानंतर चार दिवस लागले. रोज डबा खाताना ती नंबर काढायची आणि बघत बसायची. जुना नंबर चालू असेल की नाही हेही माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी तिने डबा उघडायच्या आधी फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

"हॅलो."

"ताई, मी."

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. ती कुठेतरी उघड्यावर उभी असणार.

"बोल," थोरली म्हणाली.

"गाडीला धडक बसली."

"तुला लागलं का?"

"नाही. मी गाडीत नव्हते. उभी होती रस्त्याकडेला. एकाने मागे घेताना ठोकली."

"कुठली बाजू?"

"ड्रायव्हरच्या मागची. दार उघडत नाही."

"ओढू नकोस जोर लावून. बिजागरी जाईल."

"नाही ओढत."

पुन्हा वारा. धाकटीने ठरवून ठेवलेलं सगळं डोक्यातून निसटलं होतं. तिला एवढंच कळत होतं की पलीकडचा आवाज किंचित जाड झालाय, आणि 'बिजागरी' हा शब्द ती अजून तशीच म्हणते, मधला 'जा' लांबवून.

"विम्याच्या कागदावर तुझी सही लागते," ती म्हणाली.

"माझी? अजून माझ्या नावावर आहे?"

"हो."

"पाच वर्षं?"

"हो."

पलीकडे कोणीतरी थोरलीला हाक मारली, तिने त्याला थांबायला सांगितलं. मग तिने विचारलं, "लिहायला काही आहे का? पत्ता घे. पोस्टाने पाठव."

धाकटीने डब्याच्या झाकणावर, कवळ्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीने पत्ता लिहिला. इमारत, मजला, खोली. पाच वर्षं जी माहिती हवी होती ती तीन ओळींत मावली. तिने विचारलं, "तू बरी आहेस ना?" थोरली म्हणाली, "आहे. माणसं थांबलीयत माझ्यासाठी. ठेवते."

पाकीट दहा दिवसांनी परत आलं. वर थोरलीचं अक्षर होतं, उजवीकडे झुकलेलं, एका मापाचं. धाकटीने ते कामावर उघडलं नाही. घरी येऊन, हात धुऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उघडलं. आत फॉर्म होता. जिथे जिथे फुली होती तिथे तिथे सही होती. त्याच्याखाली आणखी एक कागद होता, जो धाकटीने पाठवलाच नव्हता: गाडी दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचा. तोही थोरलीने पूर्ण भरला होता, सही केली होती, तारीख टाकली होती. सोबत छोटी चिठ्ठी: "तुझ्या नावावर करून घे. मला लागत नाही."

आणखी काही लिहिलंय का म्हणून तिने पाकीट उपडं केलं, फुंकर मारून आत पाहिलं. काही नव्हतं.

ती किती वेळ बसली होती कोण जाणे. तिला वाटलं होतं, एक सही मागायची, मग त्यावरून दुसरं बोलणं निघेल, त्यावरून तिसरं. दोरीचं एक टोक हाताला लागलं की हळूहळू ओढत जाऊ. आणि थोरलीने टोकच कापून हातात दिलं होतं. मोजणीवाली ती, हद्द कुठे संपते ते तिला बरोबर कळायचं.

पण ती सही. धाकटीने ती पुन्हा पाहिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आई दवाखान्यात असताना एकदा थोरलीनेच आईच्या जागी सही केली होती, तेव्हापासूनची ही सही, शेवटच्या अक्षराखाली सरळ रेघ मारलेली. पाच सह्या, पाच रेघा. चार सरळ होत्या. गाडी देऊन टाकायच्या कागदावरची रेघ मधे थांबली होती आणि पुन्हा सुरू झाली होती.

पुढच्या रविवारी सकाळी धाकटी निघाली. फोन केला नाही. केला असता तर थोरली नको म्हणाली असती, आणि मग जाता आलं नसतं. दार आत गेलेलं, दिव्यावर लाल पट्टी, अशी ती गाडी घेऊन ती हमरस्त्याला लागली. वाटेत एका पेट्रोल पंपावरच्या माणसाने विचारलं, "काय, भांडण झालं का कोणाशी?" ती म्हणाली, "हो, पण गाडीचं नाही." तो हसला. तिला हसू आलं नाही.

थोरलीची इमारत पाच मजली, साधी, पिवळट रंगाची. खाली सायकली लावलेल्या. धाकटीने गाडी बंद केली आणि वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत थोरली कपडे वाळत घालत होती. दांडीवर टॉवेल टाकताना तिचे हात वर होते, आणि ते तसेच वर राहिले. तिने आधी गाडी ओळखली असणार.

ती खाली आली. घरातले कपडे, पायात चपला, केस कापलेले आणि बरेचसे पांढरे. धाकटीकडे न बघता ती सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेली. चुरगळलेल्या पत्र्यावरून हात फिरवला.

"दिव्याला पट्टी कोणी लावली?"

"ज्याने ठोकली त्यानेच."

"बरी लावलीय." मग तिने वर पाहिलं. "कागद मिळाले नाहीत का?"

"मिळाले."

"मग?"

धाकटीला वाटलं होतं, वर जाऊ, बसू, पाणी पिऊ, मग बोलू. पण थोरली गाडीजवळून हलत नव्हती, आणि आत्ता नाही बोललं तर परत जाताना ते तसंच पोटात घेऊन जावं लागेल हे तिला कळत होतं.

"ताई, मी त्या दिवशी खोटं बोलले. आईने तुझं नाव घेतलं नव्हतं. ती दोन दिवस बोललीच नव्हती. मला राग आला होता, म्हणून बोलले."

थोरलीचा हात पत्र्यावर होता तिथेच राहिला. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला, बंद केला.

"काहीच नाही म्हणाली?"

"नाही."

"मोठी आली का, असं?"

"नाही, ताई."

धाकटीने या क्षणाची कल्पना किती वेळा केली होती. थोरली चिडेल, रडेल, कदाचित कानाखाली मारेल, कदाचित जवळ घेईल. पण थोरलीचा चेहरा असा झाला की जणू घरातून कोणी उठून गेलं.

"किल्ली दे," ती म्हणाली.

तिने दार उघडलं, सीट मागे सरकवली आणि स्टिअरिंगमागे बसली. धाकटी दुसऱ्या बाजूने येऊन शेजारी बसली. थोरलीने गाडी चालू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली.

"मी त्या मोजणीवरून निघायला हवं होतं," ती म्हणाली. "तुझा फोन आला तेव्हाच. ते माझ्याकडून झालं, तू काही बोलली असतीस-नसतीस तरी ती चूक तेवढीच होती. पण पाच वर्षं मला ती हाक ऐकू येत होती. सकाळी उठलं की पहिली तीच. आधी वाटायचं, डोकं फुटेल. मग सवय झाली. मग..." ती थांबली. "मग असं वाटायला लागलं की निदान शेवटी तिला मी हवी होते. दिवसरात्र तिची उस्तवार तू केलीस आणि नाव माझं घेतलं. ते माझ्याजवळ होतं, चिमे. बाकी काही नव्हतं."

धाकटी म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार?"

"मग सांगायला नको होतं का मी?"

थोरलीने बराच वेळ विचार केला. ती कशावरही असाच विचार करायची, दुर्बिणीत डोळा लावल्यासारखा.

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण आज मला बोलता येणार नाही. तू जा आता."

"वर येऊ का थोडा वेळ?"

"नको."

"पुन्हा कधी येऊ?"

"माहीत नाही. मी कळवेन."

ती उतरली. दार लोटताना तिने ते आपटलं नाही, हलकेच लावलं, जुन्या सवयीने तळहाताने दाबून. इमारतीच्या दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "नीट जा. मागचा पत्रा चाकाला घासतोय का, मधे थांबून बघ."

धाकटीने गाडी सुरू केली, पण तिचे पाय पोचेनात. सीट थोरलीच्या मापाला गेली होती. चार चौक ती तशीच गेली, अंगठ्यांच्या टोकांनी क्लच दाबत, पाठ सोडून पुढे ओणवी होऊन. मागून भोंगे वाजायला लागले. शेवटी तिने गाडी बाजूला घेतली, खाली हात घालून दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. तिथे तिला रडू फुटलं. रडून झाल्यावर ती उतरली, मागचं चाक बघितलं. पत्रा घासत नव्हता.

पुढचं सगळं रीतसर झालं. गॅरेजच्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "डेंटिंगला वेळ लागेल, बाई. हे घाईचं काम नाही." धाकटी म्हणाली, "मला सांगताय? मी जन्मभर तेच करतेय." लिफ्टवाल्याची साहेबांसमोर हजेरी झाली, धाकटीने कबूल केल्याप्रमाणे पत्र लिहून दिलं होतं, त्यामुळे ती ताकिदीवर निभावली. गाडी आली तेव्हा तो मुद्दाम बघायला आला. दार दोनदा उघडून लावलं, दिवा पेटवून पाहिला.

"सही मिळाली का हो शेवटी?" त्याने विचारलं.

"मिळाली."

"आणि ताई?"

"कळवते म्हणाली."

त्याने मान डोलावली. "कळवते म्हणणारी माणसं कळवतात कधीकधी," तो म्हणाला. "आमची लिफ्ट बंद पडली की मीपण असंच सांगतो, आणि येतो." मग त्याने व्हॅन मागे घेतली. चष्मेवाला दुकानातून बाहेर येऊन, लांबचा चष्मा लावून, व्हॅन पूर्ण वळेपर्यंत लक्ष ठेवून उभा होता.

धाकटीने गाडी आपल्या नावावर करून घेतली. ताईने सांगितलं होतं, म्हणून. नवा कागद आला, त्यावर तिचं नाव होतं, आणि तो बघून तिला काहीही वाटलं नाही. दीड महिना गेला. रविवारी ती घरातच थांबायची, फोन जवळ ठेवून. दोनदा मामांचा आला, एकदा कोणाचा तरी चुकून. तिला वाटायला लागलं, खरं सांगून आपण उरलंसुरलंही घालवलं. थोरलीकडे एक हाक होती तीही काढून घेतली, आणि बदल्यात दिलं काय? ती आईच्या खोलीत जाऊन बसायची. खोली आता रिकामीच होती, एक इस्त्रीचं टेबल तेवढं होतं.

एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, ती एका म्हाताऱ्या गृहस्थाची खालची कवळी लावत होती. सहा दात बसले होते, आठ राहिले होते. फोन वाजला. मेणाचे हात तसेच ठेवून तिने कोपराने फोन उघडला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

"कामात आहेस का?" थोरली म्हणाली.

"नाही. म्हणजे आहे. बोल ना."

"मला एक विचारायचं होतं. दोन दिवस बोलली नाही म्हणालीस. त्याच्या आधी काय बोलली होती?"

धाकटीला आठवावं लागलं नाही. "पडदा सरकव म्हणाली."

"पडदा?"

"ऊन यायचं ना दुपारचं, तिच्या तोंडावर. पडदा सरकव गं, एवढंच म्हणाली."

"कुठला? रस्त्याकडचा?"

"नाही, मागचा. जांभळा. तू आणला होतास तो."

 थोरलीच्या मागे आज वारा नव्हता. ती घरात होती.

"मग सरकवलास?"

"हो."

"मग?"

"मग डोळे मिटले. मी पाणी दिलं चमच्याने, ते घेतलं. संध्याकाळी हात हलवत होती पांघरुणावर, असा, काहीतरी वेचल्यासारखा."

"थांब," थोरली म्हणाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "अशी मधूनच नको सांगूस. बुधवारपासून सांग. सकाळपासून. क्रमाने."

धाकटीने हातातला दात ओल्या फडक्यावर ठेवला. फोन कानाशी धरून ती जिन्यात गेली, वरून तिसऱ्या पायरीवर बसली, आणि बुधवारपासून सांगायला लागली. सकाळी आई कशी उठली, कोणत्या कुशीवर होती, केस विंचरताना काय म्हणाली. थोरली मधेमधे विचारत होती, किती वाजले होते, कोण होतं, उशी कुठली होती. दुपार झाली, लोक डबे खायला जिन्यावरून उतरले, पाय आवरून तिने त्यांना वाट दिली. त्या दोघी अजून गुरुवारच्या सकाळपर्यंतच पोचल्या होत्या.